ज्वाला मेलोडी पार्टीची बरोबर चाल

आमच्या ज्वाला मेलोडी पार्टीत स्वतःच्या नावावर कोणाचं भागत नसे. नुसतं नाव सांगून स्टेजवर आलं, की पुढच्या सतरंजीवरून प्रश्न यायचाच, "ते ठीक आहे गा, पण हा आवाज कोणाचा आहे?" म्हणून बाबांनी प्रत्येकाला एकेक थोर कलावंत नेमून दिला होता. त्या थोरांची नावं मी इथे लिहिणार नाही. गुरूचं नाव घ्यायचं तर आधी कानाच्या पाळीला हात लावायचा असतो, आणि लिहिताना माझा एक हात कागदावर आणि दुसऱ्यात पेन असतो. वाचणाऱ्याने ओळखून घ्यावं. नाही ओळखलं तरी बिघडत नाही, कारण आमच्या पार्टीचं गाणं ऐकून ते थोर लोक स्वतःसुद्धा स्वतःला ओळखू शकले नसते.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण, परवा नागपूरला मिहानमध्ये मुलाच्या कंपनीचं स्नेहसंमेलन झालं. कंपनीतल्या पोरांचा बँड आहे. काळे शर्ट, निळे दिवे, आणि स्टेजवर मशीनने सोडलेला धूर. हा धूर भाड्याने आणतात म्हणे. कोराडीच्या वीज केंद्राशेजारी आम्हाला तो चोवीस तास फुकट होता. एक पोरगा इंग्रजीत एकेकाचं नाव ओरडत होता आणि ज्याचं नाव येईल तो दोन मिनिटं अंगात आल्यासारखं वाजवून दाखवत होता. सूनबाई म्हणाली, "आई, तुमच्या वेळी असं होतं का हो?" मी म्हटलं, "होतं की. फक्त आमच्या वेळी ओळख आधी करून द्यायचे, नंतर करून द्यायला तोंड राहत नसे." ती हसली. तिला वाटलं मी गंमत करते आहे.

तर पहिली ओळख पार्टीच्या मालकाची. वसंतराव वैरागडे, म्हणजे माझे बाबा. हार्मोनियम वाजवणं, गाणी उतरवून घेणं, पार्टीचं नाव ठेवणं आणि बाकीच्या पार्ट्यांना नावं ठेवणं ही सगळी खाती त्यांच्याकडे होती. कोराडीच्या वीज केंद्रात ते मीटर तपासायच्या विभागात होते. बॉयलरवर, टर्बाइनवर जे काटे असतात ते खरं दाखवतात की नाही, हे बघायचं त्यांचं काम. हे काम फाटकापाशी ठेवून घरी यावं हे त्यांना कधी सुचलं नाही. रेशनच्या दुकानात ते तराजूखाली वाकून बघत. दूधवाल्याचं माप ते आमच्या घरच्या मापात ओतून तपासत, आणि दूधवाला रोज तेवढा वेळ दारात आभाळाकडे बघत उभा राही. प्लांटचा भोंगा झाला की मनगटावर नजर टाकून ते भोंग्यालाच रागवायचे, "आज पुन्हा लेट!" तुमचं घड्याळच पुढे असेल, अशी शंका आईने एकदा काढली, तर त्या दिवशीचं जेवण मुक्यानं झालं. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "माणूस खोटं बोलते. यंत्र खोटं नाही बोलत." ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की माझ्या लग्नात मंगलाष्टकांच्या मधे त्यांनी ते म्हटलं नाही याचंच मला नवल वाटलं.

दुसरे बोरकुटेकाका, आमचे मुख्य गायक, दर्दभऱ्या आवाजाच्या बादशहाचा आवाज. नोकरी कोळशाच्या विभागात. दिवसभर कोळशाची भुकटी गिळून संध्याकाळी ते विरहाची गाणी म्हणायचे, त्यामुळे त्यांचा दर्द खरा होता, फक्त तो घशाचा होता. नागपूरचा मे महिना, रस्त्यावरचं डांबर पाघळतंय, आणि काका गळ्यात मफलर गुंडाळून. "आवाज जपावा लागते," म्हणायचे. कशापासून जपत होते देव जाणे. तिसरे ढोलकीवाले डोंगरेकाका, राखेच्या विभागातले. ते रात्रपाळी करून थेट तालमीला यायचे आणि वाजवता वाजवता त्यांची मान पुढे पडायची. हात मात्र चालू राहायचे. झोपेतला ठेका हा जागेपणीच्या ठेक्याहून पक्का असतो असं बाबांचं मत होतं, म्हणून त्यांना कोणी उठवत नसे. आणि चौथे लांजेवार, गिटारवाले. यांना तीनच कॉर्ड येत होत्या, पण काळा चष्मा येत होता. श्रोत्यांकडे पाठ करून वाजवायचे. लोकांना ती स्टाइल वाटायची. खरं कारण असं, की समोर बघितलं तर त्यांची बोटं चुकत.

पाचवी मी. शोभा वैरागडे, वय कॉलेजातलं, गायिका. आणि मी साधीसुधी गायिका नव्हते. मी त्या थोर गायिकेचा हुबेहूब आवाज होते, ज्यांचं नाव घेताना नागपुरात पानवालासुद्धा चुना खाली ठेवतो. हुबेहूब म्हणजे अगदी हुबेहूब. आमच्या टेपवर त्यांचं गाणं चालू असलं आणि मी सोबत म्हणू लागले, की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "दोघींपैकी एक जण चूप बसा वं!" माझा आवाज जात्याच थोडा जाड, भरदार. शाळेतल्या बाईंनी मला समूहगीताच्या मागच्या रांगेत टाकलं होतं. पण घरी टेप होता, आणि टेप सांगत होता की मी कोण आहे. त्या वयात माणसाला अजून काय हवं असतं!

आमचं घर म्हणजे स्टाफ कॉलनीतलं क्वार्टर. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी. दोरीवर पांढरा कपडा वाळत टाकला की तो संध्याकाळपर्यंत करडा होऊन परत यायचा. आई राखेला इतकी सरावली होती, की पापड वाळवताना वरून धोतर पसरायची आणि म्हणायची, "कंपनीचं मीठ खाऊन राहिलो, आता कंपनीची राख तरी कायले सोडायची." मागे प्लांटची घरघर दिवसरात्र. पाहुण्यांना पहिल्या दिवशी झोप लागत नसे आणि आम्हाला नागपूरला काकांकडे गेलो की शांततेने जाग यायची. तालीम असली की आई आलूबोंडे करायची. त्यांचा वास ओट्यावरून पसरला, की कॉलनीतली संगीतप्रेमी मंडळी गोळा होऊ लागत. आमच्या तालमीला कायम गर्दी असे याचं श्रेय बाबा हार्मोनियमला द्यायचे. आई फक्त कढईत आणखी बोंडे सोडायची.

आणि त्या घराचा देव म्हणजे तो टेपरेकॉर्डर. बाबांच्या मावसभावाने वापरून वापरून कंटाळल्यावर दिलेला. कॉलनीतला पहिला. त्याच्यावर आईने विणलेलं झाकण होतं, तसं माझ्या डोक्यावर कधी थंडीत टोपडंही नव्हतं. बाबा त्याच्यापुढे मांडी घालून बसत, एक ओळ ऐकत, थांबवत, हार्मोनियमवर काढत, पुन्हा ऐकत. मूळ गाण्यात वादक जिथे चुकला असेल तिथेही चुकायचं, असा त्यांचा दंडक. "कॉपी म्हणजे कॉपी," म्हणायचे. रेडिओवर तीच गाणी लागत, ती थोडी वेगळी वाटत. जरा उंच, जरा लगबगीची. एकदा मी विचारलंसुद्धा, "बाबा, रेडिओवर असं काहून लागते?" बाबा म्हणाले, "त्यायले मागून बातम्या द्यायच्या असतात. घाईत असते ते." मला पटलं. टॉकीजमधे सिनेमा बघतानाही गाणं भरभर गेलं, तेव्हा मीच मैत्रिणीला समजावून सांगितलं की टॉकीजवाल्याला पुढचा शो लावायचा असतो.

पुढे कॉलनीत इतरांकडेही टेप आले. मग एक दिवस शेजारचे गृहस्थ नवाकोरा टेप काखेत मारून दारात. "वैरागडे, पाहा ना गा जरा. तुमच्यासारखं नाही वाजत. पळून राहिला नुसता." बाबांनी कान लावला, मान हलवली आणि पेचकस मागवला. मोटरच्या मागे एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की चाल कमीजास्त होते. त्यांनी आमचा टेप शेजारी ठेवला, दोन्हीकडे तेच गाणं लावलं, आणि स्क्रू फिरवत फिरवत त्या नव्या टेपला आमच्या टेपच्या रांगेत आणून बसवलं. गृहस्थ खूश. बातमी पसरली. मग दर रविवारी आमच्या ओट्यावर टेपवाल्यांची रांग, आणि बाबा चष्मा नाकावर घेऊन एकेकाचं यंत्र दुरुस्त करून देत आहेत. एक पैसा घेत नव्हते. ही समाजसेवा होती. थोडक्यात सांगायचं तर, मीटर तपासणाऱ्या माणसाने अख्ख्या कॉलनीला एक सूर खाली आणून ठेवलं होतं, आणि आम्ही सगळे सुखात होतो.

हे सुख लांजेवारांच्या भाच्याने घालवलं. अशोक त्याचं नाव. बापाचं नागपुरात इतवारीत भांड्यांचं दुकान, पोरगा हुशार, कपड्यांना इस्त्री, आणि जवळ स्वतःचा की-बोर्ड. असा की-बोर्ड कोराडीने तोवर पाहिला नव्हता. शिवाय त्याची ओळख होती इतवारीतल्या कपडा बाजाराच्या शारदोत्सवाच्या कमिटीत. ही कमिटी आमचा गणपतीतला कार्यक्रम ऐकायला येणार आणि पसंत पडलो तर शारदोत्सवात आम्हाला बोलावणार, असं त्याने जमवून आणलं. बाबांना नागपूरच्या स्टेजवर एकदा वाजवायचं होतं. ते तसं कधी म्हणाले नव्हते, पण त्या बातमीनंतर ते हार्मोनियम रोज पुसू लागले. आणि मला काय हवं होतं ते सांगायलाच नको. कोराडीच्या गणपतीत सगळेच गातात, सेक्रेटरीची बायकोसुद्धा. मला इतवारीत गायचं होतं, जिथे मला कोणी वैरागड्यांची पोरगी म्हणून ओळखत नव्हतं.

पहिल्या तालमीला अशोकने सुरुवातीचं संगीत वाजवलं आणि बाबांनी हात वर केला.

"कितीक पळून राहिला गा? मागं कुत्रं लागलं काय?"

"मी नाही पळून राहिलो काका," तो म्हणाला. "तुम्हीच चलून राहिले. अन् सूर पण खालचा आहे तुमचा."

बोरकुटेकाकांनी मफलर सोडून पुन्हा बांधला. डोंगरेकाका जागे झाले. बाबा शांतपणे म्हणाले, "बाळा, टेपले विचारू ना. माणूस खोटं बोलते," आणि झाकण काढून त्यांनी कॅसेट लावली. अशोकने ऐकलं. आधी त्याला हसू आलं, मग आमच्या सगळ्यांची तोंडं बघून त्याने ते गिळलं. "काका," तो हळूच म्हणाला, "तुमच्या टेपचा बेल्ट ढिला झाला आहे."

सगळे टेपकडे बघू लागले. शेवटी बोरकुटेकाका म्हणाले, "भांडेवाल्याचा पोरगा आहे, त्याले काय समजते!" पण बाबा उठले होते. त्यांनी पेचकस आणला, टेप पालथा घातला, मागची पाटी काढली आणि आतला रबरी बेल्ट बोटाने उचलून पाहिला. जुन्या परकराच्या नाडीसारखा तो त्यांच्या बोटावर लोंबला. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे तपासले, त्याने आपल्या घरातलं एवढं एक यंत्र कधी उघडून पाहिलं नव्हतं. मला त्या वेळी त्यांची दया आली पाहिजे होती. आली नाही. मी मनात म्हणत होते, ठेवा ना तो परत, बंद करा ना ती पाटी.

त्यांनी ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर ते बसने सीताबर्डीला जाऊन नवा बेल्ट घेऊन आले. बसवला. कॅसेट लावली. आणि त्या थोर बाई माझ्या हातातून निसटून वर निघून गेल्या. किती बारीक, किती उंच, किती सहज! मी सोबत म्हणायला गेले. पहिल्या ओळीत गाठलं, दुसरीत फरफटले आणि अंतऱ्यात वर चढताना माझा आवाज फाटला. बाबांनी टेप थांबवला. "पुन्हा," म्हणाले. पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा ते पुन्हा म्हणाले नाहीत, तेव्हा मला कळलं. काल संध्याकाळपर्यंत मी देशातल्या सगळ्यात गोड गळ्याची सख्खी बहीण होते, आणि आज मी शाळेतल्या मागच्या रांगेतली पोरगी. मी न्हाणीत गेले, नळ सोडला आणि रडले. आई बाहेरून म्हणाली, "शोभा, रडायचं असंन तर रड वं, पण बादली लाव खाली. पाणी वाया चाललं."

आता माझ्या नातवाच्या फोनमध्ये एक बटण आहे, ते दाबलं की कुठलंही गाणं हळू चालतं. आमच्या बेल्टने जे काम फुकटात केलं, त्याची आता सोय म्हणून जाहिरात होते. पोरगं मला म्हणालं, "आजी, हे असं स्लो केलेलं लोकांना आवडतं, माहीत आहे?" मी म्हटलं, हो रे बाबा, मला सांगू नको.

तालमी आता बरोबर चालीत होऊ लागल्या. बाबांचा हट्ट. कॉपी म्हणजे कॉपी. बोरकुटेकाकांचा दर्द एक सूर वर गेला आणि तिथे त्यांना खोकला भेटला. डोंगरेकाकांना झोपेत इतकं भरभर वाजवता येईना, म्हणून ते जागे राहू लागले आणि चिडचिडे झाले. माझ्या जागी अशोकची बहीण मीनाक्षी आली. पोरीचा गळा खरंच सुरेख होता. मला तिचा राग राग यायचा, आणि ती इतकी गरीब की तालमीला येताना माझ्यासाठी संत्रा बर्फी घेऊन यायची. ती बर्फी मी खाल्ली, राग ठेवून खाल्ली. मला काय मिळालं? निवेदन. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू सगळ्यायची ओळख करून देजो. तुले बोलता चांगलं येते." घरात मी बोलले की "चूप बस" म्हणणाऱ्या माणसाने हे म्हणावं! मी म्हटलं, "देतो ना. चांगली करून देतो."

कार्यक्रमाच्या दिवशी आरती झाली, प्रसाद वाटला, आणि सारी कॉलनी सतरंज्यांवर येऊन बसली. पुढच्या खुर्च्यांवर इतवारीची कमिटी, पांढरे शुभ्र कपडे घातलेली. परत जाईपर्यंत इथे काय रंग होतो ते त्यांना कोणी सांगितलं नसावं. मी माइक हातात घेतला. ओळखीचे ठरलेले शब्द मला पाठ होते, 'सादर करीत आहोत अमक्या थोरांचा आवाज'. पण तोंडातून निघालं भलतंच.

"ढोलकीवर आहेत आमचे डोंगरेकाका," मी म्हटलं. "रात्रपाळी करून आले आहेत. टाळ्या हळू वाजवा, उठतीन." कॉलनी खदखदून हसली. डोंगरेकाका हसले, मग त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. "गिटारवर लांजेवारकाका. त्यांची पाठ ओळखून ठेवा, तोंड दिसण्याचा संबंध नाही. आणि हे बोरकुटेकाका. यांच्या गळ्यात दर्द आहे, मफलर त्याच्या वरून बांधला आहे. हार्मोनियमवर श्री. वसंतराव वैरागडे. यांच्याकडे बघून आपापली घड्याळं लावून घ्या." लोक मांड्या थोपटत होते. बाबांनी मान वर केली नाही, भात्यावरचा हात मात्र थांबला. "आणि मीनाक्षी," मी म्हटलं, आणि इथे मला काही वाईट सुचेना, तेव्हा ठरलेलं वाक्य म्हटलं, थोर बाईंचं नाव घेतलं, कानाला हात लावला. ते वाक्य माझं होतं. गेली काही वर्षं ते माझ्यासाठी म्हटलं जात होतं. मी विंगेत जाऊन उभी राहिले आणि बांबूला डोकं टेकलं.

मीनाक्षी गायली. अगदी जसंच्या तसं. उंच, स्वच्छ, बरोबर चालीत. अशोकची बोटं पळत होती, कमिटी मान डोलवत होती. आणि मागे कॉलनीत कुजबूज सुरू झाली. लोक एकमेकांकडे बघू लागले. सतरंजीवर पोरं ठेका धरायला बघत आणि त्यांचा हात मागे पडे. कडव्यानंतर सायरेबाई, आमच्या लाइनीतल्या सगळ्यात वडील, इतक्या मोठ्याने बोलल्या की माइकशिवाय सगळ्यांना ऐकू गेलं, "पोरगी गोड आहे वं, पण गाणं चुकून राहिली."

मग काय! "हावना, चुकूनच राहिली!" "वैरागडे, गाडी सुटून राहिली काय गा तुमची?" "दूध उतू चाललं का घरी?" "बरोबर म्हणा ना गा, बरोबर!" गाणं कसंबसं संपलं. मीनाक्षी रडवेली होऊन भावाकडे बघत होती, आणि त्यात तिची काहीच चूक नव्हती. तिला बिचारीला काय माहीत, की या कॉलनीतल्या घराघरातला टेप बाबांनी स्वतःच्या हाताने लावून दिला आहे, आणि इथे बरोबर म्हणजे काय ते आमच्या ओट्यावर ठरलं आहे. मागून एक जण ओरडला, "शोभाले म्हणू द्या!" आणि ते सगळ्यांनी उचललं.

मी बांबूआडून बाबांकडे बघितलं. समोरच्या खुर्च्यांवर नागपूर बसलं होतं, मागे कोराडी. बरोबर चालीत पुढचं गाणं घेतलं असतं तर इतवारी नक्की होती. हे त्यांना कळत होतं, मला कळत होतं, अशोक तर हातवारे करून सांगत होता, "काका, चालू ठेवा, चालू ठेवा!" बाबा हार्मोनियमवरून उठले. स्टेजवर ते आजवर कधी बोलले नव्हते. माइकपाशी आले, त्याला एकदा टिचकी मारून पाहिली, चालतो की नाही.

"आता सादर करीत आहोत," ते म्हणाले. "थोर गायिका..." त्यांचा हात कानाच्या पाळीकडे गेला आणि तिथेच राहिला. नाव घेता येईना. खोटं झालं असतं ते, आणि खोटं त्यांना जमत नव्हतं. लोक वाट बघत होते. मला वाटलं, जमीन दुभंगावी. शेवटी त्यांनी हात खाली आणला.

"ही शोभा," ते म्हणाले. "आमची."

आणि जाऊन बसले. अशोककडे वळून त्यांनी बोट खाली दाखवलं, एक सूर खाली. पोराने कपाळावर हात मारला, पण सूर उतरवायचं बटण दाबलं. डोंगरेकाकांनी सुटकेचा श्वास सोडून डोळे मिटले आणि तो जुना, झोपाळू ठेका धरला. मी गायले. आमच्या चालीत, माझ्या जाड आवाजात, जिथे श्वास घ्यायला जागा असते आणि शब्दाला पोट असतं तिथे. दुसऱ्या ओळीपासून अख्खी कॉलनी सोबत म्हणू लागली, एक सूर खाली, एकही माणूस पुढे पळाला नाही. मी तेव्हा कोणाचाही आवाज नव्हते. भीती वाटत होती आणि फार छान वाटत होतं.

कमिटीतले एक शेठ जाताना बाबांना म्हणाले, "भाऊ, पोरगी दिलसे गाते. पण असं वाटते, का बॅटरी उतरून राहिली." इतवारीचं बोलावणं आलं नाही. मीनाक्षी आणि अशोकला आलं, पुढे त्यांची स्वतःची पार्टी झाली, चांगली चालली. त्यांच्या घरच्या लग्नांना बाबा नेमाने जात आणि जेवून येत. नागपूरच्या स्टेजवर ते कधीच वाजवू शकले नाहीत. मीही नाही. हे लिहिताना वाईट वाटत नाही असं म्हटलं, तर ते यंत्राने म्हटलेलं नसेल एवढं ओळखा.

विसर्जन झाल्यावर एका दुपारी मी कॉलेजातून आले. ताट वाढलेलं होतं, गोळाभात आणि वर चिंचेचं सार. बाबा ओट्यावर हार्मोनियम पुसत होते, आता पुसायचं काही कारण नव्हतं तरी. मला त्या कॅसेटला हात लावायची इच्छा नव्हती, पण घरात फार शांत वाटत होतं, म्हणून झाकण काढून बटण दाबलं. त्या थोर बाई गाऊ लागल्या. खाली, जाड, सावकाश, अगदी माझ्यासारख्या. मला आधी कळेचना. मग फळीवर नजर गेली. बाबांच्या दाढीच्या सामानाशेजारी नवा बेल्ट कागदात नीट गुंडाळून ठेवलेला होता.

मी दारात येऊन म्हटलं, "बाबा, टेप पुन्हा हळू चालून राहिला."

त्यांनी मान वर केली नाही. एक पट्टी दाबून पाहिली, फुंकर मारली, पुन्हा पुसली.

"बरोबर चालून राहिला," ते म्हणाले. "यंत्र खोटं नाही बोलत."